कार्नबी गल्लीतले रंगीत दुकान

पुरुषाने रंग केव्हा टाकले, या प्रश्नाचे उत्तर युरोपापुरते तरी बऱ्याच नेमकेपणाने देता येते. अठरावे शतक संपता संपता त्याने ते टाकले. त्यापूर्वीचा उमराव चित्रात पाहिला की डोळे दिपतात. किरमिजी मखमलीचा कोट, त्यावर जरीची वेलबुट्टी, फिकट निळे जाकीट, गुडघ्यापर्यंत येणारी रेशमी विजार, आणि या सगळ्यावर पावडर लावलेला केसांचा टोप. फ्रान्सचा चौदावा लुई तांबड्या टाचांचे बूट घाली, आणि तशा टाचा मिरवण्याचा मान दरबारातल्या लोकांनाच असे. पुढे राज्यक्रांती झाली, गिरणी आली, पेढी आली, कचेरी आली; आणि ज्या वर्गाच्या हाती पैसा व सत्ता गेली त्याने उमरावांचा डामडौल जसा टाकला तसे त्यांचे रंगही टाकले. काळा, करडा, गडद निळा, फार तर तपकिरी! जे. सी. फ्ल्यूगेल या मानसशास्त्रज्ञाने १९३० साली पोशाखाच्या मानसशास्त्रावर एक ग्रंथ लिहिला, त्यात या घटनेला त्याने ‘पुरुषांचा महात्याग’ असे भारदस्त नाव दिले. त्याच्या मते पुरुषाने सुंदर दिसण्याचा आपला हक्क त्या वेळी सोडून दिला आणि केवळ उपयुक्त दिसण्यावर समाधान मानले.

गंमत अशी, की या संन्यासाची दीक्षा इंग्रज पुरुषाला ज्याने दिली तो काही कोणी वैरागी नव्हता. छानछोकीचा आद्य आचार्य म्हणून ज्याचे नाव घेतात तो ब्यू ब्रमेलच तो. त्याचा सारा जीव कोटाच्या बेतात आणि गळपट्ट्याच्या खळीत गुंतलेला. भडक रंग त्याला वर्ज्य होता. निळा कोट, बदामी जाकीट, पांढरेशुभ्र वस्त्र गळ्याशी, एवढ्यावर त्याने लंडन जिंकले. पुढे कर्जबाजारी होऊन तो फ्रान्सला पळाला आणि १८४० साली कां या गावी भ्रमिष्ट अवस्थेत मेला. परंतु त्याने घालून दिलेला दंडक त्याच्यामागे शंभरावर वर्षे चालला.

या त्यागाचे कारण रंगांची टंचाई हे नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. उलट पुरुष रंगांकडे पाठ फिरवून बसला आणि नंतर रंगांची रेलचेल झाली. १८५६ साली अठरा वर्षांचा विल्यम पर्किन सुटीत घरच्या प्रयोगशाळेत दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या पदार्थांतून क्विनाइन तयार करण्याची खटपट करीत होता. क्विनाइन मिळाले नाही. भांड्याच्या तळाशी मिळाला तो जांभळा रंग. त्यापाठोपाठ कारखान्यांतून एकामागून एक कृत्रिम रंग बाहेर पडले. एके काळी राजेरजवाड्यांना परवडणारा जांभळा रंग सामान्य स्त्रीच्या झग्यावर आला. तिचा नवरा मात्र तिच्या शेजारी काळ्या कोटातच उभा राहिला. कारखाना रंग देऊ शकत होता, ते अंगावर घालण्याची मुभा देऊ शकत नव्हता. ती मुभा मिळायला पुरती शंभर वर्षे जावी लागली, आणि ती दिली एका दुकानदाराने.

आपल्याकडे हा त्याग झाला तो निराळ्या रीतीने. पेशवाईतील सरदारांच्या अंगावर रंगीत अंगरखे, शेले आणि कमरबंद होते. इंग्रजी अमलात अंगावरचा रंग गेला, काळा किंवा करडा कोट आला. पण डोक्यावरचा रंग पुष्कळ काळ टिकला. टिळकांच्या पिढीचे पुढारी पाहा : सर्वांग पांढरे आणि माथ्यावर तेवढी लाल पगडी! पुढे पगडीची टोपी झाली आणि टोपीही गेली. लग्नात नवरदेवाच्या आणि वऱ्हाड्यांच्या डोक्याला फेटा बांधतात, तेवढीच त्या रंगाची शेवटची वतनदारी. या देवघेवीत आपणही इंग्रजांना एक रंग दिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पेशावरकडील गाइड पलटणीने धुळीच्या रंगाचा गणवेश घेतला आणि ‘खाकी’ हा इथला शब्द साऱ्या साम्राज्यात पसरला. त्या खाकीने इंग्रज सैनिकाच्या अंगावरचा लाल कोटही रणांगणावरून उठवला. म्हणजे पुरुषाला उजळपणे रंग घालता येईल अशी जी एक जागा उरली होती, तीही गेली.

दुसऱ्या महायुद्धाने उरलीसुरली कसर भरून काढली. १९४१ च्या जूनपासून १९४९ च्या मार्चपर्यंत ब्रिटनमध्ये कपड्यांवर शिधावाटप होते. कुपने मोजून कापड घ्यायचे; विजारीची दुमड आणि जादा खिसे यांनादेखील सरकारने एका काळात मनाई केली होती. सैन्यातून सुटून आलेल्या शिपायाला सरकार एक सूट देई. असे लक्षावधी सूट लागले, आणि त्यांतला फार मोठा वाटा पुरवला तो लीड्सच्या माँटेग्यू बर्टनने. हा बर्टन लिथुएनियातून आलेला एक निर्वासित ज्यू मुलगा. त्याने मापाचा सूट कामगाराच्या आवाक्यात आणला. लीड्सच्या त्याच्या कारखान्यात एके काळी दहा हजारांच्या आसपास माणसे काम करीत, आणि १९५२ साली तो वारला तेव्हा त्याची दुकाने देशभर सहाशेच्या घरात होती. बर्टनचे काम थोर होते यात शंका नाही. खाणीतला मजूर रविवारी बँकेतल्या कारकुनासारखा दिसू लागला, ही लहान गोष्ट नव्हे. पण समतेचा रंग करडा ठरला. बाप, मुलगा आणि नातू एकाच कापडात दिसू लागले.

बर्टन वारला त्याच साली, १९५२ मध्ये, अठरा वर्षांचा एक तरुण ग्लासगोहून लंडनला आला. जॉन स्टीफन त्याचे नाव. गोरा, सडसडीत, अबोल. त्याला नोकरी मिळाली ती मॉस ब्रदर्समध्ये; म्हणजे लग्नाकार्यासाठी काळे कोट भाड्याने देणाऱ्या पेढीत. पुरुषांच्या पोशाखाचा दंडक जिथे अक्षरशः भाड्याने मिळे, तिथे त्याने उमेदवारी केली हे एका परीने बरेच झाले. मोडायचे काय ते त्याला तिथे नीट पाहायला मिळाले.

त्यानंतर तो ज्या दुकानात गेला त्याची हकीगत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. कारण खरा आरंभ तिथला आहे. बिल ग्रीन नावाचा एक छायाचित्रकार होता. तो पीळदार शरीराच्या पुरुषांची छायाचित्रे काढी. त्यासाठी लागणारे तोकडे कपडे तो स्वतःच बेतून घेऊ लागला, त्यांना मागणी आली, आणि १९५४ साली त्याने सोहो भागातील न्यूबर्ग स्ट्रीटवर ‘विन्स मॅन्स शॉप’ हे दुकान उघडले. अंगाबरोबर बसणाऱ्या विजारी, भडक सदरे, इटली-फ्रान्सकडच्या समुद्रकाठावर शोभतील असे रंग. त्याच्या जाहिरातीसाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत पुढे जगप्रसिद्ध झालेला नट शॉन कॉनरी हाही होता. गिऱ्हाईक कोण? नाटकवाले, चित्रकार, नर्तक, आणि ज्यांची प्रीती पुरुषांवर होती असे पुरुष. लंडनमध्ये या दुकानावर टवाळ विनोद होत.

त्या विनोदामागे तुरुंग होता, हे मात्र विसरून चालणार नाही. पुरुषापुरुषांतील शरीरसंबंध हा इंग्लंडात तेव्हा गुन्हा होता. ज्या साली ग्रीनने दुकान उघडले त्याच १९५४ साली लॉर्ड माँटेग्यू आणि पीटर वाइल्डब्लड यांच्यावरील खटला गाजला आणि दोघांनाही तुरुंगात जावे लागले. एक उमराव, दुसरा नाणावलेला पत्रकार. तरी सुटका नाही. अशा दिवसांत गुलाबी सदरा घालून रस्त्याने जाणे म्हणजे निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. पोलिसाच्या डोळ्यात ती निशाणी होती. सभ्य पुरुष रंग घालीत नसे, याचे एक कारण सभ्यता होते आणि दुसरे भय. माझ्या मते दुसरे अधिक बलवत्तर होते.

स्टीफनने विन्समध्ये काम केले, पाहिले, आणि त्याच्या एक गोष्ट लक्षात आली, ती बहुधा ग्रीनला दिसली नव्हती किंवा तीत त्याला रस नव्हता. हे कपडे मूठभर गिऱ्हाइकांपुरते ठेवण्याचे काही कारण नाही. किंमत उतरवली तर ते कारखान्यातल्या पोरालाही हवे आहेत. १९५६-५७ च्या सुमारास त्याने बिल फ्रँक्सबरोबर बीक स्ट्रीटवर एका खोलीत स्वतःचे दुकान थाटले. फ्रँक्स धंद्यातला भागीदार होता आणि आयुष्यातलाही. दुसरी गोष्ट अर्थातच पाटीवर लिहिण्याजोगी नव्हती. दुकानाचे नाव ‘हिज क्लोद्ज’. थोड्याच दिवसांत तिथे आग लागली आणि माल गेला. मग त्यांना जागा मिळाली ती पलीकडच्या कार्नबी स्ट्रीटवर.

या रस्त्याला रस्ता म्हणणे हा त्याचा गौरव होता. रीजंट स्ट्रीटच्या पाठीमागची ती एक गल्ली. तंबाखूचे एक जुने दुकान, काही लहान कारखाने, बाकी शुकशुकाट. रीजंट स्ट्रीट ओलांडले की पलीकडे सॅव्हिल रो, जगातल्या श्रेष्ठ शिंप्यांचे माहेरघर. दोहोंतले अंतर पाच-सात मिनिटांचे. सॅव्हिल रोवर काचा निम्म्या झाकलेल्या असत आणि आत जाणाऱ्याची ओळख आधी विचारली जाई. स्टीफनने दुकानाचे तोंड झगझगीत पिवळे रंगवले, दार सताड उघडे ठेवले आणि आत मोठ्या आवाजात ध्वनिमुद्रिका लावल्या. पोरांनी यावे, हात लावून पाहावे, अंगात घालून पाहावे. घेतले नाही तरी कोणी डोळे वटारायचे नाहीत. जांभळ्या, गुलाबी, पोपटी विजारी, कमरेच्या खाली बसणाऱ्या, फुलाफुलांचे सदरे, मखमलीची जाकिटे.

आता या धंद्याचे गणित पाहू. रंगीत कपडा विकणे हे काळा कपडा विकण्यापेक्षा वेगळ्या जातीचे काम आहे. काळा सूट यंदा खपला नाही तर पुढच्या साली खपतो. तो कपाटात म्हातारा होत नाही. आमसुली विजार महिन्याभरात गेली नाही की मेली. म्हणून मोठी दुकाने रंगाला हात लावीत नसत. त्यांची सहा-सहा महिने आधी मागणी नोंदवायची पद्धत, हजारांनी माल उचलायचा. रंग चुकला तर गोदाम भरून पश्चात्ताप. जुन्या दुकानदारांना रंगाची शिसारी होती असे नव्हे, त्यांना उरलेल्या मालाची धास्ती होती.

स्टीफनने रंगीत कपडा हा नाशवंत माल मानला. मंडईतल्या माळणीला जे गणित कोणी शिकवावे लागत नाही, तेच त्याने कपड्याला लावले. कापड थोडके घ्यायचे, त्यातून मोजकेच नग शिवून घ्यायचे, ते तडक खिडकीत मांडायचे. खपले तर आणखी; न खपले तर भाव उतरवून मोकळे. शनिवारी पाहिलेला सदरा पुढच्या शनिवारी असेलच याची शाश्वती नाही, हे गिऱ्हाइकाला कळले की तो घासाघीस न करता तिथल्या तिथे घेतो. टंचाई आणि विविधता या दोन गोष्टी त्याने एकाच युक्तीने साधल्या. रंगांचा कारखाना १८५६ पासून तयार होता. जे नव्हते ते हे चापल्य. पुढे जगभर झटपट फॅशनचा जो व्यापार बोकाळला, त्याचे बी या पिवळ्या दुकानात सापडते.

गिऱ्हाईकही नेमके त्याच वेळी तयार झाले होते. युद्धानंतरची पोरे आता कमावती होती. कामाला तोटा नव्हता, संसाराचा भार नव्हता. सक्तीच्या लष्करी नोकरीसाठीची भरती १९६० अखेर थांबली, आणि अठराव्या वर्षी केस कापून खाकीत शिरण्याचे संकट टळले. ‘मॉड’ म्हणवून घेणारी मुले उभा आठवडा कचेरीत टपाल वाटायची आणि सगळा पगार कपड्यांवर उधळायची. त्यांच्यात एक अलिखित नियमच होता : मागच्या आठवड्याचे कपडे या आठवड्यात नकोत. बापाने बर्टनचा सूट वीस वर्षे वापरला. पोराला वीस दिवसही जड झाले.

तरी संशय सुटला नव्हता. आई-बाप, शेजारी, कारखान्यातले सोबती नाक मुरडीतच. १९६२ च्या सुमारास स्टीफनने एक चतुर चाल केली. बिली वॉकर हा आडदांड मुष्टियोद्धा तेव्हा तरुणांचा लाडका होता. त्याला आपले कपडे चढवून स्टीफनने त्याची छायाचित्रे काढली आणि ती दुकानाच्या काचेमागे लावली. ठोसे मारणारा गडी ज्या रंगात उभा आहे, त्या रंगाला बायकी कोण म्हणेल? ही युक्ती फळली. मला मात्र या प्रसंगात विजयापेक्षा करुणा जास्त दिसते. ज्या मंडळींनी भीत भीत हे रंग प्रथम अंगावर घेतले, त्यांचा मागमूस पुसल्यावाचून ते रंग बाजारात चालेनात. आणि तो पुसण्याचे काम करणारा स्वतः त्यांच्यापैकीच एक होता. इंग्लंडातला तो कायदा १९६७ च्या जुलैमध्ये सैल झाला, तोही एकवीस वर्षांवरच्यांना आणि चार भिंतींच्या आत. तेव्हा स्टीफनची भरभराट शिगेला पोहोचली होती. त्याच्या जन्मभूमीत, स्कॉटलंडात, त्यासाठी १९८० चा कायदा यावा लागला.

भरभराट कसली, पूरच तो. साठच्या मध्यापर्यंत त्या एका गल्लीत त्याची डझनावर दुकाने होती. वर्तमानपत्रे त्याला कार्नबी स्ट्रीटचा राजा म्हणू लागली. रोल्स रॉइस आली, पांढरा अल्सेशियन कुत्रा आला. ‘स्मॉल फेसेस’ या वाद्यवृंदाच्या पोरांची तर त्यांच्या व्यवस्थापकाने या गल्लीतल्या दुकानांत खातीच उघडून दिली होती. १५ एप्रिल १९६६ च्या अंकात अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने झुलत्या-डुलत्या लंडनवर मुखपृष्ठ-लेख छापला, आणि मग जगातला प्रत्येक प्रवासी राजवाडा पाहून झाला की कार्नबी स्ट्रीट विचारू लागला.

इथेच उतरण लागली. शेजारी ‘लॉर्ड जॉन’सारखी दुकाने उभी राहिली, स्टीफनने सोमवारी मांडलेला रंग दुसऱ्याच्या खिडकीत यायला फारसा वेळ लागेना. कापडाच्या बेताला वंशावळ असते, शिंप्याच्या हाताला गुरुपरंपरा असते. रंगाला मालक नसतो. जांभळी विजार कोणीही जांभळी शिवू शकतो. ज्या चापल्यावर त्याने जुन्या दुकानदारांना हरवले, तेच चापल्य आता साऱ्या गल्लीचे झाले. ज्यांच्यासाठी हे रंग होते ती पोरे परदेशी पाहुण्यांची गर्दी पाहून किंग्ज रोडकडे सरकली, आणि उरले ते ब्रिटिश निशाणाचे रुमाल व पिशव्या घेणारे प्रवासी. आपल्या नेहरूंच्या बंद गळ्याचे जाकीटसुद्धा याच वावटळीत, ते वारल्यानंतर, १९६७-६८ च्या सुमारास पाश्चात्त्यांच्या अंगावर चढले आणि पाहता पाहता उतरले.

सॅव्हिल रोच्या बाजूनेही एक प्रयत्न झाला. मायकेल फिश हा जुन्या घरंदाज पेढीत सदरे विकून तयार झालेला गडी. १९६६ साली त्याने क्लिफर्ड स्ट्रीटवर स्वतःचे दुकान उघडले आणि तळहाताहून रुंद नेकटाय, फुलांच्या रेशमाचे सदरे श्रीमंतांच्या गळ्यात बांधले. ५ जुलै १९६९ रोजी हाइड पार्कमध्ये मिक जॅगर पांढऱ्या झालरीच्या झग्यात लाखो लोकांपुढे गायला उभा राहिला, तो झगा फिशचा. पण फिशचे दुकान सत्तरीच्या पूर्वार्धात बुडाले. श्रीमंत गिऱ्हाइकाची उधारी आणि नाशवंत माल यांचे जमत नाही.

टिकला तो तिसराच. नॉटिंगहॅमचा पॉल स्मिथ. सायकलच्या शर्यतींची हौस अपघाताने संपली, म्हणून कपड्यांकडे वळलेला हा तरुण. ९ ऑक्टोबर १९७० रोजी त्याने बायर्ड लेनमध्ये तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद अशी खिडकी नसलेली एक खोली घेऊन दुकान मांडले. गाठीला सहाशे पौंड. रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकलेली पॉलिन डेन्यर पाठीशी. आणि होमर नावाचा अफगाण कुत्रा, ज्याला तो विनोदाने व्यवस्थापक म्हणे. दुकान उघडे राही ते फक्त शुक्रवारी आणि शनिवारी. उरलेले दिवस तो इतरत्र कामे करून पोट भरी; कारण दुकानावर पोट भरायचे ठरवले असते तर खपेल तोच करडा माल ठेवावा लागला असता. स्टीफनने रंगाचा धोका वेगाने टाळला. स्मिथने तो दुसऱ्या कमाईने झेलला. शिवाय त्याने रंग सगळ्या अंगावर पसरला नाही. सूट बाहेरून बापाला चालेल असा. आत अस्तर मात्र पोपटी किंवा डाळिंबी, काजाचा एखादाच दोरा जांभळा. कचेरीत बसलेल्या माणसाला आपण काय घातले आहे हे ठाऊक असते, साहेबाला नसते. १९७६ साली त्याने पॅरिसला आपले कपडे दाखवले, आणि पुढे त्याच्या रंगीत पट्ट्या जगभर त्याची निशाणी झाल्या. सन २००० मध्ये त्याला सर हा किताब मिळाला.

कार्नबी स्ट्रीटवर १९७३ साली वाहने बंद झाली आणि तो केवळ पायी फिरण्याचा रस्ता उरला. स्टीफनची कंपनी १९७५ साली विकली गेली. मद्य आणि मनाचा आजार यांनी त्याला मधल्या काळात पोखरले होते. त्याने पुन्हा दुकानाची खटपट केली, पण ते दिवस परतले नाहीत. त्याची कागदपत्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे गेली. १ फेब्रुवारी २००४ रोजी तो वारला. दुसऱ्या वर्षी वेस्टमिन्स्टरच्या नगरमंडळाने कार्नबी स्ट्रीटच्या तोंडाशी भिंतीवर त्याच्या नावाचा फलक बसवला : पुरुषांच्या फॅशनचे जागतिक केंद्र म्हणून या रस्त्याचा संस्थापक, अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे. फलक हिरवा आहे. त्या नगरमंडळाचे सगळेच फलक हिरवे असतात.